थोपटल्याने भीती जाते का?

भुवईच्या टोकावर, डोळ्याखाली, ओठांच्या वर, हनुवटीवर आणि गळ्याखालच्या हाडापाशी दोन बोटांनी हलके हलके थोपटा, तोंडाने आपल्या भीतीचे नाव घ्या आणि वर्षानुवर्षांची भीती पाच-दहा मिनिटांत घालवा, असे सांगणाऱ्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर पुष्कळ फिरतात. या पद्धतीला ‘टॅपिंग’ म्हणतात. शिकवणारा समोर असण्याचीही गरज नाही, तो फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून हे सारे करून घेतो, असा प्रचार केला जातो. साहजिकच आमच्या विंचूरसारख्या गावातही लोक विचारतात, ‘डॉक्टर, यात काही तथ्य आहे का? पैसे भरावेत का?’

थोडक्यात उत्तर असे. थोपटल्याने अपाय होत नाही, जीव थोडा शांत होतो. परंतु भीती जाते ती भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे गेल्याने. हे सामोरे जाणे दुरून, फोनवरूनही शिकवता येते. ही दोन वाक्ये वेगवेगळी ठेवली नाहीत तर पैसे जातातच, पण काही वेळा उपचार लांबतो आणि जिवावर बेतते. म्हणून आज या विषयाची सविस्तर माहिती घेऊ.

भीती कोणती, भयगंड कोणता?

आपल्या निफाड तालुक्यात उसाच्या फडात बिबट्या असतो. रात्री-अपरात्री वीज आली म्हणून पाणी भरायला निघालेल्या शेतकऱ्याला त्याची भीती वाटते. तो हातात काठी आणि बॅटरी घेतो, सोबत कोणाला तरी नेतो. ही भीती शहाणपणाची आहे. ती नसती तर माणूस जगलाच नसता. साप, वाहता पूर, विजेची उघडी तार यांना घाबरणे हेही तसेच.

भयगंड म्हणजे फोबिया. यात भीती ही धोक्याच्या मानाने फार मोठी असते, ती महिनोन् महिने टिकते आणि माणूस तिच्यामुळे आपली कामे टाळू लागतो. पाल दिसली म्हणून स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारी गृहिणी, कोपऱ्यावरच्या कुत्र्यामुळे कॉलेजला जाणे सोडणारी मुलगी, लिफ्ट नको म्हणून सहा मजले चढणारा हृदयरोगी, ही भयगंडाची उदाहरणे आहेत. आपली भीती अवाजवी आहे हे या माणसांना बहुधा कळत असते. पण कळूनही वळत नाही.

हा आजार दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २२ देशांत झालेल्या पाहण्यांत शंभरातील सुमारे सात जणांना आयुष्यात कधी ना कधी असा भयगंड झाल्याचे आढळले. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे आणि सुरुवात बहुतेक वेळा लहानपणीच होते. तरीही या तक्रारीसाठी म्हणून दवाखान्यात येणारे फार थोडे. ‘एवढा बाप्या आणि सुईला घाबरतो!’ असे कोणी म्हणेल या लाजेने माणसे दुसरेच कारण सांगतात. सुई नको असलेला माणूस ‘आज उपास आहे’ म्हणतो, किंवा ‘पुढच्या सोमवारी येतो’ म्हणून जातो तो येतच नाही.

खरा धोका येथे आहे. सुईच्या भीतीने गरोदर बाई रक्ततपासणी टाळते, जखम झालेला मजूर धनुर्वाताचे इंजेक्शन टाळतो, मधुमेही माणूस इन्सुलिन टाळतो. बंदिस्त जागेच्या भीतीने एखादा रुग्ण एमआरआयसाठी नाशिकला जातो, यंत्राच्या बोगद्यात डोके जाताच घाबरून उठतो आणि गाडीभाडे खर्चून तपासणीविनाच परत येतो. मूळ रोग मग आतल्या आत वाढत राहतो.

भीती टिकते कशी?

भीतीची वस्तू समोर आली की मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना देतो. शरीरात ॲड्रेनालिन सुटते. छाती धडधडते, घाम येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय कापतात. त्या क्षणी माणूस तेथून पळाला की त्याला एकदम हायसे वाटते. हे हायसे वाटणेच घात करते. ‘पळालो म्हणून वाचलो’ असा धडा मेंदू गिरवतो आणि पुढच्या वेळी अधिक लवकर, अधिक जोरात घाबरतो. सावकाराकडून कर्ज काढले की त्या दिवसाची अडचण भागते, पण व्याज वाढत जाते. टाळण्याचेही तसेच आहे.

याउलट माणूस तेथेच थांबला तर भीती वर चढते, काही काळ टिकते आणि मग आपोआप उतरू लागते. शरीर तासन् तास त्याच जोराने घाबरलेले राहू शकत नाही. हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला की मेंदू नवा धडा शिकतो: ‘थांबलो, तरी काही झाले नाही.’ भयगंडाच्या उपचाराचे सारे सार यात आहे.

टॅपिंग आले कोठून?

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील रॉजर कॅलहान या मानसशास्त्रज्ञाने पाण्याला घाबरणाऱ्या एका स्त्रीला डोळ्याखाली थोपटायला लावले आणि तिची भीती गेली, असे तो सांगत असे. चिनी ॲक्युपंक्चरमध्ये शरीरात ऊर्जेचे मार्ग मानतात. त्या मार्गांवरील ठरावीक जागा ठरावीक क्रमाने थोपटल्या की अडलेली ऊर्जा मोकळी होते, अशी त्याची उपपत्ती होती. त्याचा शिष्य गॅरी क्रेग हा शिक्षणाने अभियंता. त्याने १९९० च्या दशकात ही पद्धत सोपी केली. भीती कोणतीही असो, त्याच जागा आणि तोच क्रम. आज मोबाइलवर दिसते ते बहुतेक क्रेगचे टॅपिंग असते.

फोनवरून टॅपिंग हीदेखील नवी गोष्ट नाही. रुग्णाचा आवाज फोनवर ऐकून कोणत्या जागा थोपटायच्या हे ओळखता येते, असा दावा खुद्द कॅलहानने केला होता. हे तंत्र शिकवण्यासाठी तो एक लाख डॉलर घेत असे. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या मानसशास्त्रज्ञ परीक्षक मंडळाने ही पद्धत वापरणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञावर कारवाई केली आणि व्यवसायात तिचा वापर करण्यास त्याला मनाई केली.

आता तपासणीत काय दिसले ते पाहू. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात लहान प्राण्यांना घाबरणाऱ्या माणसांची भीती टॅपिंगच्या एकाच बैठकीनंतर कमी झाली. दीर्घ श्वसन करणाऱ्यांपेक्षाही त्यांना अधिक फायदा झाला. म्हणजे टॅपिंगने काहीच होत नाही असे म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षी वेट आणि होल्डर या संशोधकांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ११९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. पहिल्या गटाने सांगितलेल्या जागी थोपटले. दुसऱ्याने हातावरच्या भलत्याच जागी थोपटले. तिसऱ्याने स्वतःऐवजी एका बाहुलीला थोपटले. चौथ्याने थोपटलेच नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती सारखीच कमी झाली, चौथ्याची झाली नाही.

बाहुलीला थोपटून जर भीती कमी होत असेल, तर ऊर्जेचे मार्ग आणि ठरावीक जागा यांना काय अर्थ उरतो? मग फायदा झाला कशाने? तिन्ही गट हाताने काहीतरी करत, न पळता, आपल्या भीतीच्या गोष्टीकडे लक्ष देत बसले होते. जी गोष्ट ते एरवी मनातही आणत नसत, ती त्यांनी काही मिनिटे धीराने मनात धरली. हे सामोरे जाणेच होय.

थोपटण्याचा जीवाला आधार वाटतो हे मात्र खरे आहे आणि ते आपल्याला कोणी परदेशातून येऊन सांगायला नको. रडणाऱ्या लेकराला आई पाठीवर थोपटते, तेव्हा ती ॲक्युपंक्चरची जागा शोधत नाही.

सामोरे जाण्याचा जुना अनुभव

१९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेले उपचार प्रसिद्ध झाले. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवायचा, मग रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे या डॉक्टरने भीतीची पायरीवार यादी करून, मन शांत ठेवत एकेक पायरी चढण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. १९८० च्या दशकात स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी काही भयगंड साधारण तीन तासांच्या एकाच बैठकीत आटोक्यात येऊ शकतात असे दाखवून दिले.

अमेरिकेतील प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला फार घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवून एका उद्यानात महिनाभर रोज जाऊन शंभरेक अनोळखी स्त्रियांशी गप्पा सुरू केल्या. त्यातून लग्न जमले नाही, पण भीती गेली! याच एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठीत आणली. दुरून शिकणे टपालाने झाले, तर फोनने का होणार नाही? ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेनेही ‘मैत्र’ ही दूरध्वनी सेवा चालवून फोनवरच्या आधाराचा उपयोग दाखवून दिला आहे.

फोनवरून हे कसे करतात?

एका रुग्णाचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठीच्या घरातल्या एका बाईंचा मधुमेह गोळ्यांना दाद देईना. पायाची जखम भरेना. इन्सुलिनशिवाय मार्ग नव्हता. ‘डॉक्टर, मेले तरी चालेल, पण रोज सुई टोचून घेणार नाही,’ असे त्यांनी सांगून टाकले. घरच्यांनी रागावून, समजावून, मुलाची शपथ घालूनही पाहिले. नाशिक येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. कांदे काढणीच्या दिवसांत दर आठवड्याला त्यांना नेणार कोण? म्हणून नाशिकच्या एका नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्हिडिओ कॉलवर बैठका घेतल्या. सुनेने मोबाइल धरायचा आणि शेजारी बसायचे, असे ठरले.

पहिल्या दिवशी सुई नव्हतीच. भीतीला दहापैकी गुण द्यायला शिकवले. शून्य म्हणजे अगदी निवांत, दहा म्हणजे जीव जाईल असे वाटणे. मग पायऱ्यांची यादी केली. सुईचे चित्र पाहणे. टोपण लावलेले इन्सुलिन पेन समोर ठेवणे. ते हातात धरणे. टोपण काढून सुई पाहणे. ती सुई लिंबात टोचून पाहणे आणि नंतर फेकून देणे. सुई न लावता पेन पोटाच्या कातडीला टेकवणे. आणि शेवटी नव्या सुईने प्रत्यक्ष इंजेक्शन. नियम एकच होता. भीतीचे गुण निम्म्यावर येईपर्यंत त्या पायरीवरून उठायचे नाही आणि पुढच्या पायरीवर ढकलायचेही नाही.

‘मावशी, आता किती गुण?’ ‘आठ.’ ‘बसू या जरा. आता?’ ‘सहा असतील.’ असे ते चाले. बाईंनी मोबाइलवर टॅपिंग पाहिले होते. छातीवर बोटांनी थोपटत बसले की त्यांना बरे वाटे, म्हणून थोपटू दिले. हात रिकामा राहिला नाही आणि त्या जागेवर टिकून राहिल्या, एवढाच त्याचा उपयोग. आज पेनच्या सुया चार मिलिमीटर इतक्या आखूड मिळतात, हे त्यांना लिंबाच्या पायरीवर पहिल्यांदा नीट दिसले. पाच बैठकांनंतर त्यांनी सुनेच्या हातून इंजेक्शन घेतले. भीती नऊवरून तीनवर आली. सुई त्यांना आजही आवडत नाही, पण त्या रोज घेतात.

दुरून उपचार करण्याचा एक विशेष फायदा येथे लक्षात येतो. भीती दवाखान्यात राहत नाही. ती घराच्या जिन्यात, बसमध्ये, कुत्रा बसतो त्या कोपऱ्यावर राहते. उपचारक प्रत्येक वेळी तेथे येऊ शकत नाही, पण त्याचा आवाज येऊ शकतो.

रक्त पाहून भोवळ येत असेल तर

हा भाग नीट वाचावा. बहुतेक भयगंडांत नाडी आणि रक्तदाब वाढतो. रक्त आणि सुई यांच्या भीतीत मात्र अनेकांचा रक्तदाब आधी किंचित वाढून मग एकदम उतरतो आणि माणूस कोसळतो. अशा माणसाला अंग सैल सोडायला, डोळे मिटून शांत व्हायला सांगणे चुकीचे ठरते. त्याला उलटा उपाय हवा. ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ मध्ये तो मांडला. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबायचे, असे पाच वेळा करायचे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. इंजेक्शन देताना ज्या हातात सुई द्यायची तो हात मात्र सैल ठेवावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारून करावा. ज्यांना पूर्वी भोवळ आली आहे त्यांनी फोनवरचा सराव एकट्याने करू नये. घरचे माणूस जवळ असावे आणि खाटेवर बसूनच करावा.

पैसे भरण्यापूर्वी

- उपचार करणाऱ्याचे शिक्षण विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, तर मनोविकारतज्ज्ञाची वैद्यक परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान नाही. डॉक्टरांनी फोनवरून उपचार करण्याचे नियम केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये जाहीर केले आहेत.
- पाच मिनिटांत हमखास, शंभर टक्के, पुन्हा भीती नाही, अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा.
- ‘चालू गोळ्या बंद करा, इन्सुलिन बंद करा’ असे सांगणाऱ्याचा फोन तेथेच ठेवून द्या.
- भीती वाटली की अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीविना घेऊ नका. तिची सवय लागते आणि गोळीच्या गुंगीत मेंदू नवा धडा नीट शिकत नाही.
- विहीर, गच्ची, शिडी, रस्त्यावरची रहदारी किंवा अनोळखी कुत्रा यांच्याबाबतचा सराव फोनवर ऐकून एकट्याने करू नका.
- छातीत कळ, डाव्या हातात वेदना, थंड घाम, धाप अशी लक्षणे असतील तर ती भीतीच असेल असे समजून थोपटत बसू नका. १०८ ला फोन करा.

ज्यांना पैसे भरणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारी सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. तेथे समुपदेशक ऐकून घेतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे पाठवतात. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तेथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. मन फार उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल, कानात आवाज येत असतील, किंवा अपघात-अत्याचाराच्या आठवणींनी झोप उडाली असेल, तर चित्रफिती पाहण्यात वेळ घालवू नका, थेट तज्ज्ञांना भेटा.

घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. भीतीची चेष्टा करू नये आणि गंमत म्हणून त्या माणसाच्या अंगावर पाल-झुरळ टाकू नये. अशाने भीती जात नाही, दुप्पट होते. त्याचबरोबर प्रत्येक वेळी त्याची वाट मोकळीही करून देऊ नये. कुत्रा नको म्हणून रोज मुलीला गाडीवर सोडत राहिलात तर तिची भीती तुम्हीच सांभाळत बसाल. आज कुत्र्यापासून पन्नास पावलांवर तिच्यासोबत उभे राहा. पुढच्या आठवड्यात चाळीस पावलांवर.

आणि सुईला घाबरणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना किंवा सिस्टरना आधीच सांगा, ‘मला सुईची भीती वाटते, मागे चक्करही आली होती.’ एवढे सांगितले की तुम्हाला झोपवून इंजेक्शन देता येते, पाच मिनिटे जास्त देता येतात, सुई दिसणार नाही अशी काळजी घेता येते. छातीवर थोपटत बसावेसे वाटले तर खुशाल थोपटा, पण इंजेक्शन घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.